एक मेगावॉटचा जायरोट्रॉन, सहा वर्षं वापरून: प्रयोगाला झकास, वीजघराला अजून कच्चा

सुरुवातीलाच सांगून टाकते. जायरोट्रॉन, म्हणजे प्लाझ्मा तापवणाऱ्या सूक्ष्मलहरी तयार करणारी ट्यूब, ही वस्तू दिवाळीच्या सेलमध्ये मिळत नाही. घरपोच येते, पण ट्रकमधून उतरवायला क्रेन आपली आपण आणायची. आमची ऑर्डर दिल्यापासून दारात यायला दोन वर्षं लागली. तरी अभिप्राय लिहितेय, कारण गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला: फ्यूजनची, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जुळवून ऊर्जा काढणारी वीजघरं उभी राहिलीच, तर त्यात प्लाझ्मा (प्रचंड तापलेला, विद्युतभारित वायू) तापवायला शेवटी काय बसवणार? त्यातला एक माझा धाकटा भाऊ. इचलकरंजीत त्याचे माग आहेत, आणि कुठल्याही यंत्राबद्दल त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मीटर किती पळतो?" बहुतेक तज्ज्ञ हा प्रश्न शेवटी विचारतात. मी त्याच्याच क्रमाने जाणार आहे.

माझी ओळख एवढीच, की गांधीनगरजवळच्या भाट इथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत शिकाऊ म्हणून आदित्य टोकामॅक (चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणारं कड्याच्या आकाराचं यंत्र) पहिल्यांदा पाहिला आणि तिथून पाय निघाला नाही. पुढे युरोपातल्या एका टोकामॅकवर सूक्ष्मलहरींचा तापक सहा वर्षं चालवला. आता तीन वर्षं खुर्चीत बसून भावी वीजघराच्या तापकाचे आराखडे काढते. प्रयोगशाळेचं नाव लिहीत नाही, ट्यूब बनवणाऱ्या कंपनीचंही नाही. पुढे थोडी तक्रार येणार आहे आणि मला तिथल्या लोकांबरोबर अजून काम करायचंय.

आता वस्तू. जायरोट्रॉन म्हणजे व्हॅक्यूम ट्यूब. आमच्या अण्णांच्या दुरुस्तीच्या दुकानात रेडिओचे व्हॉल्व्ह असायचे, काचेचे, अंगठ्याएवढे, आत लालसर उजेड. ही त्यांचीच चुलत बहीण, फक्त उंची अडीच मीटरच्या वर. तळाला गन. तिथल्या तापलेल्या कड्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, सुमारे ८० किलोव्होल्टचा रेटा घेतात आणि सुपरकंडक्टिंग मॅग्नेटच्या पोटातून गिरक्या घेत वर जातात. वाटेत तांब्याची एक पोकळी लागते, तिला कॅव्हिटी म्हणतात. व्यास जेमतेम चारेक सेंटीमीटर. तिथे इलेक्ट्रॉन आपल्या गिरक्यांतली ऊर्जा लहरीला देतात. उरलेसुरले वर कलेक्टरवर जाऊन आपटतात, आणि लहर आतल्या आरशांवरून वळून बाजूच्या खिडकीतून बाहेर पडते.

खिडकी हिऱ्याची असते. खाणीतला नव्हे, वायूतून थरावर थर चढवून कारखान्यात वाढवलेला. दहा सेंटीमीटरहून थोडी मोठी गोल चकती, जाडी १.८५ मिलिमीटर. "चोरीला जात नाही का?" हा भावाचा दुसरा प्रश्न. दिसायला ती धुरकट काचेसारखी असते, अंगठीत कुणी बसवणार नाही. पण एक मेगावॉटची लहर अर्ध्या तासासाठी सोडली तर साधी काच किंवा सिरॅमिक तापून तडकेल. हिरा तांब्यापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता कडेला पोचवतो आणि कडेला पाणी फिरत असतं. जाडीचा आकडाही हिशोबाचा आहे. १७० गिगाहर्ट्झची लहर हिऱ्यात शिरली की आखडते, आणि त्या चकतीत तिच्या बरोब्बर पाच अर्ध्या लांब्या बसतात. मग पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना खोडून काढतात आणि जवळजवळ सगळी शक्ती पार जाते. जाडी चुकलात तर लहरीचा काही भाग परत ट्यूबमध्ये.

घरच्या मायक्रोवेव्हशी तुलना लोक करतातच, म्हणून करून टाकू. घरचा २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, लहरीची लांबी १२ सेंटीमीटर, ताकद हजारेक वॉट. हा १७० गिगाहर्ट्झ, लांबी पावणेदोन मिलिमीटर, ताकद हजार ओव्हनांची. आणि १७०च का? चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन ठरलेल्या तालात फिरतो, दर टेस्लाला २८ गिगाहर्ट्झ. १७०ला साधारण ६ टेस्ला लागतात, तेवढं क्षेत्र मोठ्या टोकामॅकच्या पोटात असतं. लहर बाकीच्या प्लाझ्मातून विनातक्रार जाते आणि ताल जुळतो त्या पट्टीतच शोषली जाते. उसाला दारं धरणाऱ्याला हे लगेच कळेल. पाटात पाणी तेच, पण कुठल्या वाफ्याचं दार मोडायचं ते आपल्या हातात. प्लाझ्मात मध्येच चुंबकीय भोवऱ्यासारखी बेटं तयार होतात आणि वाढली तर सगळा प्लाझ्मा विझवतात. तिथे नेमकी शक्ती सोडून ती दाबता येतात. हे काम दुसरा कुठलाही तापक इतक्या नेमकेपणाने करत नाही. पाचपैकी पाच, काही बोलायचं नाही.

वापराचा अनुभव. ट्यूब आली की लगेच पूर्ण ताकदीवर चालवू असं वाटत असेल तर विसरा. क्रेनला टांगून ती मॅग्नेटच्या भोकात उतरवायची, मिलिमीटरच्या अंशात मध्यावर आणायची. मग कंडिशनिंग. पहिल्या दिवशी एक मिलिसेकंद, आठवड्याने शंभर, मग एक सेकंद, मग दहा. प्रत्येक पायरीला ट्यूबच्या भिंती थोडा वायू सोडतात, आतल्या पंपाचा करंट उसळतो, संरक्षण तिला बंद करतं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. नव्या सुनेला घर कळायला लागतो त्याहून जास्त वेळ. आमची पाच सेकंदांवर पोचली तेव्हा बाहेर बर्फ होतं आणि तीन मिनिटांवर पोचली तेव्हा चेरी पिकल्या होत्या.

पण पहिली लहर पाहिली तो दिवस विसरणार नाही. प्लास्टिकचा एक तक्ता खिडकीसमोर काही अंतरावर उभा केला, मागे इन्फ्रारेड कॅमेरा, आणि एका मिलिसेकंदाचा ठोका दिला. डोळ्यांना काहीच दिसलं नाही, आवाज नाही, वास नाही. पडद्यावर मात्र थाळीएवढा गोल, मधोमध पांढरा, कडेला अलगद विरत गेलेला, पाण्यात पडलेल्या तेलाच्या थेंबासारखा. खाली डाव्या अंगाला एक बारीक शेपटी होती. ती शेपटी म्हणजे आतल्या आरशाने नीट न वळवलेली शक्ती. पुढचे तीन दिवस आम्ही बाहेरचा आरसा केसभर हलवत त्या शेपटीच्याच मागे होतो. पुढे वर्षानुवर्षं कागदावर हीच शेपटी "मार्गातील घट" नावाच्या रकान्यात दीड-दोन टक्के म्हणून दिसते. मला मात्र ती शेपटीच दिसते.

एक मूर्खपणा आमचाही सांगते. दुसऱ्या वर्षी कलेक्टरच्या एका अंगाचं तापमान अचानक चढायला लागलं. उरलेल्या इलेक्ट्रॉनांचा झोत कलेक्टरवर एकाच जागी पडून भोक पाडू नये म्हणून बाहेरच्या कॉइलने तो वर-खाली झुलवतात. कॉइल तपासली, ठीक. पुरवठा तपासला, ठीक. पाणी ठीक. दोन दिवस डोकं खाजवल्यावर एका तंत्रज्ञाला दिसलं, की सुट्टीत कुणीतरी हत्यारांचं लोखंडी कपाट ट्यूबजवळ आणून ठेवलंय. कलेक्टरपाशी चुंबकीय क्षेत्र मुळात क्षीण असतं, त्या कपाटाने ते वाकवलं आणि झोत एका बाजूला झुकला. कपाट हलवलं, तापमान उतरलं. प्रयोगशाळेत हा विनोद आहे. पण वीजघरात एका ओळीत पन्नास ट्यूब उभ्या असतील, प्रत्येकीचा मॅग्नेट शेजारणीला ओढत असेल, तेव्हा तो विनोद राहणार नाही.

आता मीटर.

भावाला मी कागदावर मांडून दाखवलं. ८० किलोव्होल्ट गुणिले ४५ अँपिअर, म्हणजे झोतात ३.६ मेगावॉट. त्यातून लहर निघते एक मेगावॉट. "म्हणजे शंभरातले अठ्ठावीस?" तो म्हणाला, "ताई, आमचा जुना माग बरा!" म्हटलं, थांब. कलेक्टरवर आपटण्याआधी इलेक्ट्रॉनांना उलट व्होल्टेज लावून हळू करतात, त्यांच्यातली काही ऊर्जा परत मिळते. मुख्य पुरवठ्याला मग ५० किलोव्होल्टच पुरतात. २.२५ मेगावॉटमधून एक, म्हणजे ४४. चांगली ट्यूब ५०पर्यंत जाते. माहितीपत्रकावर हाच आकडा ठळक छापलेला असतो, आणि तो खोटा नाही. पण तो ट्यूबचा आहे. विजेच्या पुरवठ्यात पाचेक टक्के जातात, लहर प्लाझ्मापर्यंत नेणाऱ्या नळीत आणि आरशांवर आणखी दहाच्या घरात. मग पाण्याचे पंप, चिलर, मॅग्नेट गार ठेवणारी यंत्रं. प्लगपासून प्लाझ्मापर्यंत ४० टक्के हाती लागले तर मी त्या टीमला पेढे देईन.

४०च धरू. प्लाझ्मात ५० मेगावॉट सोडायचे तर प्लगमधून १२५ ओढायचे. एक अश्वशक्तीचा एक माग धरला तर दीड लाखाहून जास्त माग. भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, "आणि उरतंय किती?"

इथेच गंमत आहे. फ्रान्समधल्या कादाराश इथे बांधल्या जाणाऱ्या ईटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकचं उद्दिष्ट सगळीकडे छापून येतं: ५० मेगावॉट घाला, ५०० मिळवा, दहापट. ते ५० प्लाझ्मात पोचलेले आहेत, मीटरवरचे नाहीत. आणि ते ५०० उष्णतेचे आहेत, विजेचे नाहीत. ईटर वीज करणारच नाही, त्यासाठी ते बांधलेलंही नाही. पण समजा त्या ५००वर टर्बाइन लावलं आणि तिसरा हिस्सा वीज झाली, तर १६५च्या आसपास. त्यातले १२५ तापकालाच. उरलेल्या चाळीसमध्ये मॅग्नेट गार ठेवायचे, पंप चालवायचे, आणि मग इचलकरंजीला द्यायचे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. म्हणून वीजघराला दहापट पुरत नाही, पंचवीस-तीसपट लागते. नाहीतर तापकाची कार्यक्षमता वाढवावी लागते, आणि खरं तर दोन्ही. तापकाचा आराखडा काढताना आम्ही एकेका टक्क्यावर भांडतो ते यासाठी. ४०चे ५० झाले तर १२५चे १०० होतात, २५ मेगावॉट फुकटात.

कुणी म्हणेल, एकदा पेटलं की तापक बंद करा की. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड रूपं जुळल्यावर निघणाऱ्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा हेलियमच्या केंद्रकाकडे जातो आणि ते प्लाझ्मातच राहून त्याला तापवतं. बरोबर आहे. ५०० मेगावॉटमधले १०० असे आपसूक मिळतात. पण टोकामॅकला नुसती ऊब पुरत नाही, प्लाझ्मातून लाखो अँपिअरचा प्रवाह वाहता ठेवावा लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या जोरावर तो काही तासच टिकतो. कायम चालवायचं तर तापकानेच तो ढकलायचा, आणि ढकलण्यात जायरोट्रॉन जरा मंदच आहे. माझा एक तारा इथे कापला जातो. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डचं व्हेंडेलश्टाइन ७-एक्स या बाबतीत सुखी आहे. ते स्टेलरेटर आहे, म्हणजे पिळदार चुंबकांनीच प्लाझ्मा कोंडणारं दुसऱ्या जातीचं यंत्र, त्याला तो प्रवाहच नको. तिथे १४० गिगाहर्ट्झचे दहा जायरोट्रॉन आहेत, आणि लहर बराचसा रस्ता नळीतून नव्हे तर जमिनीखालच्या भुयारात आरशावरून आरशावर उड्या मारत जाते. २०२३च्या फेब्रुवारीत त्यांनी आठ मिनिटांचा प्लाझ्मा चालवून १.३ गिगाज्यूल ऊर्जा आत-बाहेर केली. आमच्याकडे त्या दिवशी केक कापला गेला, खर्च कुणी केला माहीत नाही.

आता भोकं. वीजघराच्या आराखड्यात माझा निम्मा वेळ भिंतीतल्या भोकांवर जातो. प्लाझ्माभोवती जी भिंत असेल तिच्यात लिथियम असणार, कारण वीजघराला पुरेल इतकं ट्रिटियम बाजारात मिळत नाही, न्यूट्रॉन लिथियमवर आपटवून ते घरीच पिकवायचंय. प्रत्येक भोक म्हणजे तेवढी पडीक जमीन. शिवाय त्या भोकातून १४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे न्यूट्रॉन बाहेर येतात आणि मागचं सगळं किरणोत्सारी करून टाकतात. सूक्ष्मलहरींची बाजू इथे फार भक्कम आहे. लहान भोकातून पुष्कळ शक्ती जाते, आणि आरशाने लहर वळवता येते. न्यूट्रॉन आरशावरून वळत नाही. म्हणून वाट दोनदा मोडायची, मध्ये जाड शील्ड घालायचं, आणि ट्यूब शंभर मीटर लांब दुसऱ्या इमारतीत ठेवायची. मला साध्या बुटांत, हातात चहा घेऊन तिच्याजवळ जाता येतं. वीस वर्षं चालणाऱ्या वीजघरात दुरुस्ती हाताने करता येणं ही केवढी चैन आहे, ते रोबोच्या हाताने बोल्ट काढताना पाहिल्यावर कळतं.

(त्या शंभर मीटरच्या नळीवर वेगळा लेख होईल. आतून बारीक खाचा असलेली ॲल्युमिनियमची नळी, खाचांची खोली अर्ध्या मिलिमीटरहून कमी. सरळ असेल तर जवळजवळ काहीच खात नाही. इमारत ऋतूप्रमाणे दोन मिलिमीटर हलली की कुरकुरते.)

कमजोर जागा आहे शेवटचा आरसा. बेटं दाबायची तर लहर फिरवता आली पाहिजे, म्हणजे प्लाझ्माच्या तोंडाशी हलणारा आरसा आला, तोही पाण्याने गार केलेला. ईटरच्या वरच्या लॉन्चरमध्ये, म्हणजे लहर प्लाझ्मात सोडणाऱ्या भागात, बेअरिंग नाहीत. लवचीक पट्ट्यांवर आरसा टांगून हेलियमच्या दाबाने भात्यासारखा हलवतात. रचना सुंदर आहे, पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी दहा मिनिटं चित्राकडे बघत बसले. पण ईटर हा प्रयोग आहे. वीजघरात न्यूट्रॉनांचा मारा वर्षानुवर्षं चालणार, तिथे हलणारी वस्तू ठेवणं मला पटत नाही. आरसा पक्का बसवा आणि फ्रिक्वेन्सी बदला, हा दुसरा मार्ग. फ्रिक्वेन्सी बदलली की ताल जुळण्याची जागा सरकते, आरसा न हलवता दार दुसऱ्या वाफ्याचं. त्यासाठी पायऱ्या-पायऱ्यांनी फ्रिक्वेन्सी बदलणारी ट्यूब हवी. मग तो पाच अर्ध्या लांब्यांचा हिरा निकामी ठरतो, तिरकी बसवलेली मोठी खिडकी लागते. कार्ल्सरूहच्या संशोधन संस्थेत दोन मेगावॉटच्या आणि अशा बदलत्या ट्यूबांवर बरीच वर्षं काम चाललंय. दुकानात मागितली तर मात्र अजून मिळत नाही.

बाजारात दुसरं काय आहे, तेही बघू.

पहिला पर्याय, न्यूट्रल बीम. ड्यूटेरियमचे आयन वेगात आणायचे, मग त्यांचा विद्युतभार काढून टाकायचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र त्यांना अडवत नाही, आणि ते गोफणीतल्या दगडासारखे प्लाझ्मात मारायचे. इंग्लंडमधल्या जेट टोकामॅकसारख्या यंत्रांनी अर्धं आयुष्य यावर काढलं, आणि जेटचे विक्रम याच तापकाच्या जिवावर झाले, हे मान्यच करायला हवं. प्रवाह ढकलण्यातही हा सरस. ईटरसाठी एकेक इंजेक्टर १६.५ मेगावॉटचा, आणि व्होल्टेज दहा लाख. हो, दहा लाख व्होल्ट, ४० अँपिअर. त्यासाठी इटलीत पाडुआला खास चाचणी केंद्र बांधलंय. झोत बाहेर पडतो ती जाळी १,२८० भोकांची. आयन ऋणभारित घ्यावे लागतात, सीझियम शिंपडून तयार होणारे, आणि त्यातले साठेक टक्केच शेवटी भार सोडतात. प्लगपासून हिशोब केला तर तिशीच्या आसपास किंवा खालीच. आणि भोकाची गोष्ट विसरू नका. दगड सरळ जातो, म्हणजे त्याच वाटेने न्यूट्रॉन सरळ मागे येतो. आरसा नाही, खिडकी नाही, प्लाझ्मा आणि इंजेक्टर यांच्यामध्ये फक्त पोकळी. ट्रिटियमही तिथपर्यंत फिरायला येणार. एक बंद पडला की १६.५ मेगावॉट एकदम गेले, माझ्या पन्नास ट्यूबांतली एक गेली तर दोन टक्के. पाचपैकी दोन, तेही आदरापोटी.

दुसरा पर्याय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, रेडिओ लहरी. ४० ते ५५ मेगाहर्ट्झ. आयनांच्या तालावर चालणारा, थेट आयनांना तापवणारा, आणि मूळ तंत्र आपल्या रेडिओ ट्रान्समीटरचंच. अण्णा असते तर आकृती पाहून म्हणाले असते, "हा तर सांगली आकाशवाणीचा मोठा भाऊ!" ईटरसाठीचे हे स्रोत भारत देतोय. प्रत्येकी २.५ मेगावॉटचे, दोन साखळ्यांची शक्ती एकत्र करून, आणि त्याचं काम गांधीनगरलाच चालतं. स्रोत स्वस्त, दणकट, ट्यूबची कार्यक्षमता जायरोट्रॉनपेक्षा वरचढ. मग घोडं कुठे पेंड खातं? अँटेनापाशी. सहा-सात मीटर लांबीच्या या लहरी पोकळीतून प्लाझ्मापर्यंत नीट पोचत नाहीत, म्हणून अँटेना प्लाझ्माच्या अगदी नाकाशी उभी करावी लागते. तिथे ती भाजते, ठिणग्या पडतात, तिच्या अंगाचे अणू उडून प्लाझ्मा मळवतात. प्लाझ्माच्या कडेने जरा उसळी घेतली की जुळवणी बिघडते आणि शक्ती ट्रान्समीटरकडे परत. अमेरिकेतलं स्पार्क नावाचं टोकामॅक मात्र याच तापकावर उभं राहतंय. क्षेत्र १२ टेस्लाच्या वर असल्याने जायरोट्रॉनला तिथे ३४० गिगाहर्ट्झच्या घरात जावं लागलं असतं, आणि तसली मेगावॉटची ट्यूब कुणाकडे नाही. यंत्र लहान आणि प्रयोगाचं असेल तर हा पर्याय मी नाकारणार नाही. वीजघरासाठी पाचपैकी अडीच.

तुलना करून झाल्यावर आमचा गट जायरोट्रॉनवरच येतो, आणि एकटे आम्हीच नाही. ईटरच्या मूळ आराखड्यात २४ जायरोट्रॉन होते: जपान आणि रशिया प्रत्येकी आठ, युरोप सहा, भारत दोन. प्लाझ्मात २० मेगावॉट. २०२४च्या सुधारित आराखड्यात सुरुवातीलाच ४० मेगावॉट केले. कारण साधं. आतली भिंत बेरिलियमऐवजी टंगस्टनची करायची ठरली, आणि टंगस्टनचे अणू प्लाझ्मात शिरले की उष्णता बाहेर फेकतात, तेव्हा मध्यावर जादा जाळ हवा. घाईच्या वेळी माणूस भरवशाच्याच दुकानात जातो.

भरवसा मात्र कसला, ते नीट बघा. ईटरला ट्यूब तासभर चालली तरी पुरते. वीजघराला महिनोन् महिने लागणार, रात्रंदिवस, आणि एक मेगावॉटची ट्यूब तशी अखंड महिनाभर कुणी चालवून दाखवलेली नाही. आमची सहा वर्षांत ज्या ज्या कारणांनी बंद पडली त्यांची वही माझ्याकडे आहे. सर्वांत जास्त वेळा खोटा गजर. खिडकीशी ठिणगी पडली तर दहा मायक्रोसेकंदांत वीज तोडावी लागते, म्हणून संरक्षण इतकं हळवं असतं की सावलीलाही भुंकतं. त्याखालोखाल लहर शेजारच्या तालावर उडी मारते ते. व्होल्टेज जरा ढळलं की कॅव्हिटीतला सूर बदलतो आणि शक्ती भलतीकडे जाते. मग पाणी. खरी ट्यूब बिघडली असं सहा वर्षांत एकदाच झालं.

ते एकदा सांगते, कारण अभिप्रायात विक्रीनंतरच्या सेवेचा रकाना असतोच. दुसरी ट्यूब आली तेव्हा खोक्यावरचा धक्का दाखवणारा बिल्ला लाल झालेला होता. फोटो काढून कंपनीला कळवलं. उत्तर आलं, आधी चालवून बघा. चालवली. आतल्या पंपाचा करंट पहिल्या दिवसापासून चढा होता आणि उतरायचं नाव घेईना. "कंडिशनिंग पूर्ण करा." केलं, तीन महिने. मग त्यांचा माणूस आला, सभ्य, मनमिळाऊ. दोन दिवस मोजमापं घेऊन म्हणाला, गनपाशी बारीक गळती दिसते, परत पाठवावी लागेल. मी लाल बिल्ल्याचा फोटो त्याच्यासमोर धरला. तो म्हणाला, "हो, मी पण तेव्हाच म्हणालो होतो." ट्यूब दुरुस्त होऊन उत्तम आली, पैसे घेतले नाहीत, आजही चालते. वेळ मात्र चौदा महिने गेला. सेवेला तीन तारे, त्यातला एक त्या माणसाच्या प्रामाणिकपणाला.

घ्यावा का? टोकामॅक किंवा स्टेलरेटरवर प्रयोग करायचे असतील तर डोळे मिटून घ्या, पाचपैकी साडेचार. वीजघर बांधत असाल तर पाचपैकी तीन, आणि ऑर्डरच्या कागदात तीन अटी घाला: प्लगपासून मोजलेली कार्यक्षमता, महिनाभर अखंड चालवून दाखवणं, आणि पन्नासला पाच-सहा राखीव. मॅग्नेट द्रव हेलियमविना चालणारा मागा. ट्यूबच्या खोलीत लोखंडी कपाट नको.

आणि खोका फेकू नका. आमचा कार्यशाळेतल्या मंडळींनी आल्या आठवड्यात कापून बागेत बसायला बाकं केली होती. ट्यूब परत पाठवायची वेळ आली तेव्हा नवा बनवून घ्यायला सहा आठवडे लागले. बाकं चांगली झालीत, दुपारचा डबा आम्ही तिथेच खातो.